नावाचा इजारा

आमच्या मोहल्ल्यातल्या वाचनालयाच्या वेबसाइटवर गेल्या रमजानपासून सट्ट्याच्या जाहिराती दिसतात. जुन्या मासिकांची स्कॅन केलेली पाने, गावातल्या बुजुर्गांच्या मुलाखती, सगळे त्या पत्त्यावर होते. पाने माझ्याकडे शिल्लक आहेत. पण ज्यांनी आपल्या लेखांत त्या पत्त्याचा हवाला दिला, त्यांचे वाचक आता सट्ट्याच्या दारात पोचतात. चौकशी केली तेव्हा कळले, की डोमेन नाव वेबसाइट करून देणाऱ्या मुलाच्या नावावर होते. तो नोकरीसाठी आखातात गेला, त्याचा जुना ईमेल बंद झाला आणि मुदतीच्या सूचना त्या बंद पेटीत पडत राहिल्या. दोष त्याचा नाही, आमचा आहे. करारनामा आम्ही कोणीच वाचला नव्हता.

आपण सहज म्हणतो, "डोमेन विकत घेतले." ते खरे नाही. आपल्या जुन्या दफ्तरांत इजारा हा शब्द सारखा भेटतो. सरकारात ठरलेली रक्कम भरायची आणि ठरल्या मुदतीपुरता गावाचा वसूल आपल्याकडे घ्यायचा. मुदत सरली, की इजारा दुसऱ्याकडे. डोमेन नावही असेच मुदतीचे आहे, एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांचे.

सुरुवातीला मात्र यात पैसाही नव्हता आणि करारही. पॉल मोकापेट्रिस यांनी 1983 मध्ये या नावांची रचना मांडली. 15 मार्च 1985 रोजी सिम्बॉलिक्स या अमेरिकी कंपनीने पहिले डॉट कॉम नाव नोंदवले, फुकट. 1993 पासून नोंदणीचे काम नेटवर्क सोल्यूशन्स या एकाच कंपनीकडे आले आणि 1995 मध्ये दोन वर्षांना 100 डॉलर असा दर लागला.

फुकट नोंदणीचा अर्थ काय होतो, हे गॅरी क्रेमेन यांच्या खटल्यात कळले. त्यांनी 1994 मध्ये नोंदवलेले एक अतिशय किमती नाव पुढच्याच वर्षी एका भामट्याने खोट्या पत्राच्या आधारे आपल्याकडे वळवून घेतले. कंपनीने मूळ धन्याला विचारलेही नाही. क्रेमेन कोर्टात गेले. 2003 मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने सांगितले, की तुम्ही मोबदला दिला नव्हता, म्हणून करारभंगाचा दावा टिकत नाही. मात्र डोमेन नाव ही मालमत्ता आहे, म्हणून ती परस्पर दुसऱ्याला दिल्याचा दावा चालेल. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही 2004 मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात डोमेन नावाला व्यापारचिन्हासारखे संरक्षण दिले.

1998 मध्ये आयकॅन ही संस्था स्थापन झाली आणि 1999 पासून अनेक रजिस्ट्रार बाजारात आले. दर उतरले, पण नवा धोका आला. 2007 मध्ये रजिस्टरफ्लाय हा अमेरिकी रजिस्ट्रार कोसळला. नूतनीकरणाचे पैसे भरूनही नावे गेल्याच्या तक्रारी आल्या. आयकॅनने त्याची मान्यता काढली आणि लाखो नावे दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवावी लागली. ग्राहकांच्या नोंदींची प्रत तिसऱ्या जागी जपून ठेवण्याच्या अटीची अंमलबजावणी त्यानंतर कडक झाली.

म्हणून रजिस्ट्रार निवडताना पहिल्या वर्षाची स्वस्ताई पाहू नका, दुसऱ्या वर्षाचा दर पाहा. डॉट कॉमसाठी तो आयकॅनचा मान्यताप्राप्त आहे का, डॉट इनसाठी निक्सीचा आहे का, ते तपासा. नोंदणीधारक म्हणून कोणाचे नाव लागते, दुसरीकडे जायचे तर हस्तांतराचा कोड कसा मिळतो आणि वाद झाला तर कुठल्या शहरातले कोर्ट, हे करारात शोधा. नवी नोंदणी साधारणतः 60 दिवस हलवता येत नाही. मुदत संपल्यावर रजिस्ट्रार किती दिवस थांबतो, हे त्याच्या अटींवर असते. डॉट कॉमचे नाव रद्द झाले तरी 30 दिवस ते सोडवता येते, पण त्याचा दंड नेहमीच्या दरापेक्षा बराच जास्त असतो. आम्हाला हे कळले तेव्हा तेही दिवस उलटले होते.

कुरआनमधली सर्वांत लांब आयत नमाज किंवा रोजाबद्दल नाही. सूरह बकरामधली ती 282 वी आयत उधारीच्या व्यवहाराबद्दल आहे : मुदत ठरवा, लिहून ठेवा, साक्षीदार घ्या, रक्कम लहान असली तरी लिहिण्याचा कंटाळा करू नका. लहानपणी मदरशात आम्ही ती पाठ केली होती. वाचनालयाच्या वेळी ती कोणालाच आठवली नाही.

आता नवे नाव ट्रस्टच्या नावे, पाच वर्षांसाठी घेतले आहे. ईमेल दोन विश्वस्तांकडे आहे आणि मुदतीची तारीख वाचनालयाच्या नोंदवहीत पहिल्याच पानावर लिहिली आहे. ज्यांनी जुन्या पत्त्याचा हवाला दिला होता, त्यांना एकेक करून पत्रे लिहितो आहे.