दगडांच्या मागावर फूटसाहेब

सोलापुरातल्या जुन्या घरात शहाबादी फरशी नाही, असे सहसा होत नाही. उन्हाळ्याच्या दुपारी त्या गार फरशीवर आडवे होण्याचे सुख आपण सगळ्यांनी घेतले आहे. पण ही फरशी आपल्या जमिनीतली नव्हे. आपला दगड काळा, लाव्हारसाचा. विहीर खणा की घराचा पाया, तोच लागतो. गुलबर्ग्याकडे, म्हणजे आजच्या कलबुर्गीकडे, हा काळा थर संपत जातो आणि त्याच्या खालचा, कितीतरी जुना चुनखडक उघडा पडतो. फरशी तिथून येते. आपल्या दक्षिणेला दगडांची अशी सरहद्द आहे. तिच्या पलीकडचा मुलूख हिंडून ज्यांनी त्याचा अभ्यास केला, त्या रॉबर्ट ब्रूस फूट यांच्याविषयी आज सांगायचे आहे.

फूट यांचा जन्म 1834 सालचा, इंग्लंडमधल्या चेल्टनहॅमचा. 1858च्या डिसेंबरात ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात रुजू झाले. सरकारला हवे होते कोळसा, लोखंड, सोने. कुठे कोणता खडक आहे ते नकाशावर उतरवायचे, एवढीच नोकरी. माणसाचा इतिहास शोधायला त्यांना कोणी पाठवले नव्हते.

30 मे 1863 रोजी मद्रासजवळ पल्लावरमला, कवायतीच्या मैदानापाशी मुरमाच्या खड्ड्यात, त्यांना एक दगड दिसला. तो मुद्दाम फोडून घडवलेला होता. फ्रान्समध्ये सोम नदीकाठी सापडलेल्या दगडी कुऱ्हाडी खरोखरच आदिमानवाच्या आहेत, हे इंग्लंडच्या पंडितांनी अवघ्या चार वर्षांपूर्वी, 1859 साली मान्य केले होते. ही चर्चा माहीत नसलेल्या माणसाच्या बुटाने तो दगड बाजूला उडवला असता. त्याच वर्षी सप्टेंबरात सहकारी विल्यम किंग यांच्यासह त्यांना अत्तिरम्पाक्कम येथे अशी पुष्कळ हत्यारे मिळाली. तिथली सर्वांत जुनी हत्यारे सुमारे पंधरा लाख वर्षांपूर्वीची असल्याचे 2011 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. वेद-पुराणांच्या किंवा सिकंदराच्या अलीकडे-पलीकडे घुटमळणारा आपला इतिहास त्या एका दगडाने कुठच्या कुठे मागे नेला.

पुढे ते आपल्या बाजूला आले. बेळगाव, कलादगी, धारवाड हा सारा टापू तेव्हा दक्षिण मराठा मुलूख म्हणून ओळखला जाई. त्याच्या भूरचनेवर त्यांनी लिहिलेला ग्रंथ 1876 साली खात्याने छापला. घटप्रभा-मलप्रभेच्या खोऱ्यांत त्यांना हत्यारे सापडली. गोकाकजवळ तर गेंड्याचे जीवाश्म सापडले! 1874 साली त्यांनी त्या गेंड्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याच्या नावात दख्खन घातले. गोकाकचा धबधबा पाहून करदंट घेऊन परतणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांना हे ठाऊक आहे?

मला स्वतःला सर्वांत भावते ती राखेच्या टेकड्यांची हकिकत. बल्लारी, रायचूर, गुलबर्गा या भागांत जागोजाग राखेचे मोठाले ढीग आहेत. काही ठिकाणी राख जळून काचेसारखी झाली आहे. हंपीजवळच्या एका ढिगाला लोक वालीच्या चितेची राख मानतात. विजयनगरचा इतिहास लिहिणाऱ्या रॉबर्ट स्यूएल यांनी त्यांचा संबंध विजयनगरकाळातल्या चितांशी जोडला. फूट यांना हे पटले नाही. ढिगांपाशी त्यांना घासून गुळगुळीत केलेल्या दगडी कुऱ्हाडी आणि खापरे मिळत होती. त्यांचे म्हणणे असे, की हे नवाश्मयुगातले गुरांचे वाडे. आफ्रिकेत काटेरी कुंपण घालून करतात तसे. शेण साठत गेले आणि जळत गेले. गोवऱ्यांच्या राखेने भांडी घासलेल्या कोणालाही हे कळावे, पण पंडितांना पटायला वेळ लागला. 1957 साली उटनूरच्या उत्खननात राखेच्या थरांमध्ये गुरांच्या खुरांचे ठसेच मिळाले. 1990च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे के. पद्दय्या यांनी सुरपूरजवळ बुदिहाळला खणून चार हजार वर्षांपूर्वीची गुराख्यांची वस्तीच उजेडात आणली. सोलापूरहून हे काही फार लांब नाही.

1891 साली निवृत्त झाल्यावर फूट यांना सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानाने बोलावले. तिथेही खडक पाहता पाहता साबरमतीकाठी त्यांनी हत्यारे वेचली. 1941 साली डॉ. ह. धी. सांकळिया पहिल्या मोहिमेवर गुजरातेत गेले, ते फूट यांच्याच खुणांच्या मागाने.

चाळीस वर्षांत चारशेहून अधिक स्थळे त्यांनी नोंदली. नोकरीचे काम सांभाळून हा छंद करणाऱ्या माणसाची एक शिस्त मला विशेष वाटते. दगड खिशात टाकून ते पुढे गेले नाहीत. तो कुठल्या गावी, कुठल्या थरात मिळाला, हे त्यांनी लिहून ठेवले. 1904 साली हा संग्रह मद्रासच्या सरकारी संग्रहालयाने चाळीस हजार रुपयांना घेतला. त्याची तपशीलवार यादी फूट यांनी स्वतः केली, पण छापलेली पाहायला ते उरले नाहीत. 29 डिसेंबर 1912 रोजी कोलकात्यात त्यांचे निधन झाले आणि यादी 1914 साली निघाली. पल्लावरम आज चेन्नई विमानतळालगतची दाट वस्ती आहे. तिथे उतरून मुरमाचा खड्डा शोधण्यात अर्थ नाही. एग्मोरच्या संग्रहालयात मात्र जावे.