विझलेल्या तबकड्या

दुसऱ्या महायुद्धातील विमानांचे सुटे भाग जमवण्याचा छंद ब्रिटन-अमेरिकेत चांगला रुजलेला आहे. कातडी शिरस्त्राणे, प्राणवायूचे मुखवटे, होकायंत्रे, उंचीमापके असे हाती लागेल ते हे लोक जमवतात. वस्तू ओळखण्याची त्यांची रीत एखाद्या वनस्पतिशास्त्रज्ञाला शोभावी अशी असते. उपकरण हाती आले की ते उलटे करून आधी पाठ वाचायची. मुकुट आणि त्याखाली ‘ए. एम.’ ही अक्षरे दिसली की वस्तू ब्रिटनच्या हवाई मंत्रालयाची. हे मंत्रालय १९१८ साली स्थापन झाले आणि १९६४ साली संरक्षण मंत्रालयात विलीन झाले. तेव्हा वस्तूचा काळ ढोबळमानाने ठरला. क्रमांकाची सुरुवात ‘६ए’ने असेल तर ते विमानातील उपकरण, ‘२२सी’ने असेल तर वैमानिकाच्या पोशाखाचा भाग. ‘एएन’ म्हणजे आर्मी-नेव्ही, अर्थात अमेरिकन माल. जर्मन उपकरणांवर ‘एफएल’ असते.

शिक्के खोटेही मारता येतात. पण एक खूण अशी आहे की ती खोटी करणे सोपे नाही, आणि ती पाठीवर नसून दर्शनी बाजूस, आकड्यांवरच्या रंगात असते.

रात्री उडणाऱ्या वैमानिकाला दिवा न लावता काटे दिसावेत म्हणून हे आकडे चमकणाऱ्या रंगाने रंगवीत. झिंक सल्फाइडच्या पुडीत अत्यल्प रेडियम मिसळलेले असे. रेडियममधून सुटणारे अल्फा कण झिंक सल्फाइडच्या स्फटिकांवर आदळतात आणि प्रत्येक आघाताला प्रकाशाची बारीक ठिणगी उडते. अशा असंख्य ठिणग्यांचा मिळून तो हिरवट उजेड होतो. आज मात्र अंधारात नेल्या तर या तबकड्या बहुधा काळ्याच दिसतात. रंग तपकिरी पडलेला, काही ठिकाणी पोपडे सुटलेले. नवखा संग्राहक इथेच फसतो. उजेड गेला म्हणजे रेडियम संपले, असे त्याला वाटते.

हा हिशेब विद्यार्थ्यांकडून फळ्यावर करून घेण्याजोगा आहे. रेडियम-२२६चा अर्धायुष्यकाल सुमारे १६०० वर्षे आहे. ८० वर्षांत त्यातले किती संपेल? जेमतेम साडेतीन टक्के. मग विझले काय? विझले ते झिंक सल्फाइड. वर्षानुवर्षे अल्फा कणांचा मारा सोसून त्याचे स्फटिक निकामी झाले. मारणारा मात्र जवळजवळ पहिल्याइतकाच जोमदार आहे.

म्हणून जाणकार संग्राहक गायगर गणित्र जवळ बाळगतो. अल्फा कण काचेतून बाहेर येत नाहीत, पण रेडियमपासून क्रमाने बनणाऱ्या शिसे आणि बिस्मथच्या किरणोत्सारी समस्थानिकांचे बीटा आणि गॅमा किरण येतात, आणि गणित्र टकटकू लागते. १९६०नंतरच्या काळात रेडियमची जागा हळूहळू ट्रिटियम आणि प्रोमिथियमने घेतली. ट्रिटियमचे बीटा कण इतके दुबळे असतात की काच ओलांडत नाहीत. प्रोमिथियम-१४७चा अर्धायुष्यकाल अडीच वर्षांच्या आसपास असल्याने ते आता उरलेलेच नसते. तेव्हा जुन्या, काळ्या पडलेल्या तबकडीसमोर गणित्र जोरात वाजले तर ते बहुतेक रेडियमच.

हीच परीक्षा एकदा माणसाच्या हाडांची करावी लागली होती. अमेरिकेत न्यू जर्सीतील ऑरेंज येथे युनायटेड स्टेट्स रेडियम कॉर्पोरेशनच्या कारखान्यात तरुण मुली घड्याळांच्या व उपकरणांच्या तबकड्या रंगवीत. कुंचल्याला टोक यावे म्हणून तो ओठांत धरायला त्यांना शिकवले होते. दर वेळी थोडे रेडियम पोटात जाई. रासायनिक दृष्ट्या रेडियम हे कॅल्शियमचे भाऊबंद, त्यामुळे ते हाडांत जाऊन बसे. दात पडू लागले, जबडे सडू लागले. अमीलिया माजिया १९२२ साली वारली तेव्हा मृत्यूचे कारण उपदंश असे नोंदवले गेले. १९२७ साली तिचे शव उकरून तपासले तेव्हा हाडे किरणोत्सारी निघाली. मेलेल्या मुलीवर ठेवलेला तो कलंक पाच वर्षांनी पुसला गेला, तोही हाडांनी साक्ष दिली म्हणून. ग्रेस फ्रायर आणि तिच्या चार सहकारिणींनी त्याच वर्षी दावा लावला आणि १९२८ साली तडजोड झाली. अशा कामगारांच्या शरीरांवर केलेल्या मोजमापांतून १९४१ साली शरीरात ०.१ मायक्रोग्रॅम रेडियम ही मर्यादा ठरली. लगेच अमेरिका युद्धात उतरली आणि तबकड्या रंगवण्याचे काम अफाट वाढले. ही मर्यादा आणखी काही वर्षांनी ठरली असती तर काय झाले असते याची कल्पना करवत नाही.

युद्धानंतर स्कॉटलंडमध्ये डॉनिब्रिसल येथे जुनी विमाने मोडीत निघाली. त्यांच्या तबकड्या जाळल्या गेल्या आणि राख किनाऱ्याकडे टाकली गेली. रेडियम जळत नाही. १९९० साली जवळच्या डॅलगेटी बे येथील किनाऱ्यावर किरणोत्सारी कण सापडले. ती जागा स्वच्छ करण्याचे काम २०२३ साली पुरे झाले.

आपल्याकडेही जुन्या बाजारातून आणलेले एखादे विमानी उपकरण शाळेच्या कपाटात असू शकते. काच शाबूत असेल तर घाबरण्याचे कारण नाही. ते उघडू नये, रंग खरवडू नये, वर्गात हातोहात फिरवू नये. बंद कपाटात अशी अनेक उपकरणे एकत्र ठेवू नयेत, कारण रेडियमपासून रेडॉन वायू बनतो आणि तो तेथे साचतो. काच फुटलेली असेल तर मात्र पोपडे हाताने गोळा करायला जाऊ नका. खोलीतला पंखा बंद करा, मुलांना बाहेर काढा आणि जाणकाराला बोलवा.