उपवास, लोणी आणि आकडी

मुलाला आलेली आकडी बहुधा दोनचार मिनिटांत आपोआप थांबते. क्वचित ती थांबतच नाही. एकामागून एक औषधे हरतात, गुंगीच्या औषधाने बालकाला बेशुद्ध ठेवावे लागते आणि ती गुंगी उतरवू लागताच झटके पुन्हा सुरू होतात. अशा वेळी आज अतिदक्षता विभागात जो एक उपाय योजतात, त्याचा उगम उपवासात आहे.

अमेरिकेत बॅटल क्रीक येथे ह्यू कॉंक्लिन हे चिकित्सक अपस्माराच्या रोग्यांना, मुलांनासुद्धा, नुसत्या पाण्यावर ठेवीत. कधी पंचवीस दिवसांपर्यंत. आतड्यातील विष मेंदूत जाते ही त्यांची उपपत्ती चुकीची होती. गुण मात्र येई. परंतु मूल उपाशी ठेवायचे ते किती दिवस? १९२१ साली मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांना तोड सुचली. उपाशी शरीर चरबी जाळते आणि रक्तात कीटोन द्रव्ये उतरतात. तेव्हा साखर व पीठ जवळजवळ वर्ज्य करून साय-लोणी भरपूर दिले, तर शरीर जेवूनही उपाशी असल्यासारखे वागेल!

१९३८ साली मेरिट आणि पटनम यांनी फेनिटॉइनचा गुण दाखविला. गोळी देणे सोपे, दर घासाचे लोणी तोलणे कठीण. आहार मागे पडला, इतका की १९९३ च्या सुमारास चित्रपट-दिग्दर्शक जिम एब्रहॅम्स यांच्या लहानग्या मुलावर अनेक औषधे व शस्त्रक्रियाही निष्फळ ठरली, तेव्हा हा उपाय बापालाच पुस्तकांतून शोधून काढावा लागला. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉप्किन्स रुग्णालयात तो आहार सुरू होताच झटके थांबले. आधी कोणी सांगितले का नाही, हा त्या बापाचा संताप रास्तच म्हटला पाहिजे.

२००८ साली लंडनमधील तुलनात्मक चाचणीने आहाराची बाजू पक्की केली. २०१० साली पॅरिसच्या रिमा नब्बू व सहकाऱ्यांनी तापानंतर न थांबणाऱ्या आकडीने ग्रासलेल्या नऊ मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. सात जणांना गुण आला होता. संख्या लहान, पण तिथे औषधे आधीच हरलेली होती.

चरबी जाळण्याचा जन्मजात दोष असलेल्या मुलाला मात्र हाच आहार घातक ठरतो. म्हणून आधी रक्त तपासतात. मग नाकातील नळीवाटे चार भाग स्निग्धांशाला एक भाग प्रथिने व कर्बोदके, असे अन्न सोडतात. सलाइनमधील, औषधी सरबतातील साखरही परिचारिकेला हुडकून काढावी लागते. कारण थोडी साखर गेली, तरी कीटोन उतरतात.