मधमाश्यांवरील परजीवी माइट

मधमाश्यांच्या वसाहतीत वाढणारे सूक्ष्म अष्टपाद परजीवी. महाराष्ट्रात व्हरोआ आणि ट्रॉपिलेलॅप्स हे दोन महत्त्वाचे. व्हरोआचा मूळ यजमान सातेरी माशी. तिच्यात तो मुख्यतः नरांच्या कोषांत वाढतो आणि कामकरी माश्या त्याला आवर घालतात. 1960 च्या दशकात भारतात स्थिरावलेल्या मेलिफेरा (युरोपीय) माशीकडे हा बचाव दुबळा आहे. तिला पीडणारी व्हरोआ डिस्ट्रक्टर ही जाती 2000 साली वेगळी ओळखली गेली.

भंडारा जिल्ह्यातील जंगलपट्ट्यात ट्रॉपिलेलॅप्सकडे अधिक लक्ष हवे. तो मूळचा आग्या माशीवरचा. आग्या मोहोळांच्या शेजारी मेलिफेराच्या पेट्या ठेवल्यास लागण संभवते. याचा दोष आग्या माशीला देऊन मोहोळे जाळणे सर्वथा चुकीचे आहे. हा माइट प्रौढ माशीवर पोसू शकत नाही, त्याला अळ्या लागतात. म्हणून राणीला सुमारे तीन आठवडे पिंजऱ्यात ठेवून अंडी थांबवली की बंद कोष रिकामे होतात आणि माइट उपाशी मरतो. व्हरोआवर एवढ्याने भागत नाही. तो प्रौढ माश्यांवर तग धरतो. मात्र कोष नसताना दिलेले ऑक्झॅलिक आम्ल त्याच्यावर प्रभावी ठरते. फॉर्मिक आम्लाची वाफ बंद कोषांतही पोचते, पण कडक उन्हाळ्यात ती माश्यांनाच घातक.

वाकड्या पंखांच्या, रांगणाऱ्या माश्या ही लागण वाढल्याची खूण; त्या दिसेपर्यंत थांबू नये. सुमारे 300 माश्या पिठीसाखरेत घोळवून जाळीतून झटकल्यास व्हरोआ मोजता येतो. प्रशिक्षण पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत (स्थापना 1962) मिळते.