ब्राह्मणपाऱ्यातून कोरियाला

मागचे तीन भाग आपण छत्तीसगडातल्या भोसल्यांच्या राजवटीत होतो. भास्करपंत 1741 मध्ये रतनपुरावर चालून आले, पुढे 1758 ते 1787 बिंबाजी भोसल्यांनी तिथे बसून कारभार केला, हे सगळं पाहून झालं. आज रायपूर सोडायचं नाही, तरी जायचं आहे कोरियाला.

महाराष्ट्रातल्या श्रोत्यांसाठी आधी एक सांगतो. आमच्याकडे पारा म्हणजे आळी. ब्राह्मणपारा, तात्यापारा, बूढापारा असं हे जुनं रायपूर. अरुंद गल्ल्या, जवळच कंकाली तालाब. अशा या भागातून पायी निघालं की दहा मिनिटांवर एक छोटं कोरियन हॉटेल लागतं. सहा टेबलं, भिंतीवर गाणाऱ्या पोरांचे फोटो, कागदी वाट्यांतून खाणं. नातीचा बारावीचा निकाल लागला तेव्हा ती मला तिथे घेऊन गेली. पैसे अर्थात मीच दिले.

तिने तोकबोक्की मागवली. लालभडक रस्सा आणि त्यात बोटाएवढ्या जाड, गुळगुळीत पांढऱ्या वड्या. पहिला घास घेतला आणि म्हटलं, अगं, हा तर आपला फरा! छत्तीसगडात घरोघरी होतो. तांदळाचं पीठ, त्यात उरलेला भात, हाताने वळून वाफवायचं आणि तीळ-हिरव्या मिरचीची फोडणी द्यायची. संग्रहालयाच्या आवारातल्या गढकलेवात जाऊन खाऊन पाहा. फरा मऊ, हा चिवट, एवढाच फरक. भात पिकवणाऱ्या माणसाला तांदूळ वाफवून वळायची बुद्धी सगळीकडे होतेच.

मात्र ही लाल तोकबोक्की फार जुनी नाही. कोरियाच्या राजवाड्यात जी व्हायची ती सोया सॉसमधली, मांस-भाज्या घातलेली, बिनतिखट. मिरची त्या देशात गेली सोळाव्या शतकाच्या अखेरीस. आपल्याकडे ती पोर्तुगिजांच्या गलबतांतून आली, तिकडे बहुधा जपानमार्गे पोचली. 1614 च्या एका कोरियन ग्रंथात तिला चक्क जपानी मोहरी म्हटलं आहे. आता लाल मिरचीशिवाय कोरियन जेवण डोळ्यांपुढे येत नाही, आणि आपलं तरी कुठे येतं? गोचुजांग, म्हणजे मिरची आणि सोयाबीन आंबवून केलेलं वाटण, घालून तोकबोक्की रस्त्यावर विकायला सुरुवात केली ती सोलच्या सिंदांग-दोंग भागातल्या मा बोक-रिम या बाईंनी, असं सांगतात. साल 1953.

हे साल लक्षात ठेवा. त्याच वर्षी 27 जुलैला कोरियातलं युद्ध थांबलं. देश बेचिराख झालेला, तांदूळ महाग आणि अमेरिकेतून मदतीचा गहू उतरत होता. मग वड्या तांदळाऐवजी मैद्याच्या होऊ लागल्या. साठ-सत्तरच्या दशकांत तर तिथल्या सरकारने तांदूळ कमी खा, गहू खा अशी मोहीमच चालवली. शाळेत पोरांचे डबे उघडून भातात दुसरं धान्य मिसळलं आहे का ते पाहत. माझ्या वयाच्या मराठी माणसाला हे सांगावं लागणार नाही. बहात्तरच्या दुष्काळातली मिलो आणि दुष्काळी कामांवर वाटलेली सुकडी आठवा. आपण मिलो विसरायला धडपडलो. त्यांनी मदतीच्या पिठात तिखट घालून ते जगाला विकलं. मला त्यांचं कौतुक वाटतं.

फौजी माणूस म्हणून आणखी एक पदार्थ सांगतो. बुदे चिगे. बुदे म्हणजे लष्करी छावणी, चिगे म्हणजे रस्सा. अमेरिकन तळांवरून बाहेर आलेलं डब्यातलं मांस आणि सॉसेज गोळा करून लोकांनी किमचीबरोबर शिजवलं. तळावरचा माल बाहेर विकणं गुन्हा, तेव्हा सगळं चोरून. आज सोलजवळच्या उइजोंगबू गावात या रश्श्याच्या हॉटेलांची अख्खी गल्ली आहे.

तर नातीला विचारलं, कोरियात युद्ध झालं होतं, माहीत आहे? म्हणाली, हो, सिरीजमध्ये असतं ना आबा, ती सीमा, ते सैनिक. म्हटलं, तिथे आपली फौज होती. तिने गंभीरपणे विचारलं, कुठल्या सिरीजमध्ये?

तिचा दोष नाही. आम्ही सांगितलंच नाही. 1950 च्या नोव्हेंबरात लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांची 60 पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स पुसानला उतरली. डिसेंबरात प्योंगयांगहून माघारीचा हुकूम आला तेव्हा गाड्या अपुऱ्या, औषधं आणि सामान टाकून जायची वेळ. आपल्या जवानांनी एक जुनं वाफेचं इंजिन हुडकलं, काही डबे जोडले आणि सगळं घेऊन बाहेर पडले. मार्च 1951 मध्ये यांच्यातलेच काही जण अमेरिकन छत्रीधारी सैनिकांबरोबर मुन्सान-नी इथे विमानातून उतरले. रंगराजांना महावीर चक्र मिळालं.

यानंतरची कामगिरी याहून अवघड, माझ्या मते. युद्ध थांबलं, तेव्हा मायदेशी परत जायला नकार देणाऱ्या बावीस हजारांहून अधिक चिनी आणि उत्तर कोरियन कैद्यांचं काय करायचं? तटस्थ राष्ट्रांचा आयोग नेमला, अध्यक्ष जनरल थिमय्या. पहारा एकट्या भारताचा, आणि त्या फौजेचे प्रमुख मेजर जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात. आपल्या कोल्हापूरकडचे. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी बजावलं की भारतीय सैनिकाचा पाय आमच्या भूमीला लागता कामा नये. म्हणून इंचॉनजवळच्या समुद्रातल्या जहाजांवरून आपल्या माणसांना अमेरिकन हेलिकॉप्टरांत घालून थेट निर्लष्करी पट्ट्यात नेलं.

सप्टेंबर 1953 मध्ये कैद्यांनी मेजर ग्रेवाल यांना कुंपणाच्या आत ओढून डांबलं. थोरात निःशस्त्र आत गेले, चवताळलेल्या जमावाशी बोलले आणि ग्रेवालांना सोडवून आणलं. ज्याला आज कीर्ती चक्र म्हणतात तो सन्मान त्यांना मिळाला. पण दर वेळी असं निभावलं नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पहाऱ्यावरच्यांना गोळ्या चालवाव्या लागल्या आणि काही कैदी मेले.

माझे थोरले काका त्या फौजेत पुरवठ्याचे हवालदार होते. ब्राह्मणपाऱ्यातल्या आमच्या घरात ते शेवटपर्यंत राहिले. विचारलं की म्हणायचे, आम्ही तांदळाची पोती मोजली. बस. त्या ऑक्टोबरात ते कुठे होते हे कधी बोलले नाहीत. मी कॅप्टन असताना सुट्टीवर आलो होतो, ते आजारी होते, दोघेच ओसरीवर बसलो होतो. विचारता आलं असतं. दंगलीच्या बंदोबस्तावर तोवर मीही उभा राहिलो होतो, त्यामुळे काय विचारायचं ते मला नेमकं माहीत होतं. बहुधा म्हणूनच विचारलं नाही.

एक गोष्ट मात्र ते हसून सांगायचे. कैद्यांपैकी 88 जणांना ना इकडे राहायचं होतं ना तिकडे. फेब्रुवारी 1954 मध्ये ते भारतात, मद्रासला आले. पुढे त्यातले बरेच ब्राझील, अर्जेंटिनाला गेले, काही इथेच राहिले. त्यातल्या एकाला काकांनी आंब्याचं लोणचं दिलं, आणि त्याने भाताबरोबर अर्धी बरणी संपवली.

रामेनच्या वाटीबरोबर त्या हॉटेलात लांब दांड्याचा, चपट्या गोल तोंडाचा चमचा आला. चिनी, जपानी लोक भात काड्यांनी खातात, कोरियन माणूस चमच्याने. हातात धरला आणि ओळखला. तसाच एक पितळी चमचा काकांनी आणला होता. पितळेचा, म्हणून लोणच्याच्या बरणीत घालायला काकूची सक्त मनाई. साठ वर्षं आमच्या साखरेच्या डब्यात आहे. नात रोज त्यानेच चहात साखर घालते. घरी आल्यावर तिने तो धुतला, उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, आबा, गोळीबार झाला तेव्हा ते कुठे होते?