हिस्लॉप महाविद्यालय : एका शाळेपासून

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधील हिस्लॉप महाविद्यालयाचे स्थापनावर्ष 1883. ज्यांचे नाव ते मिरवते, त्या स्टीफन हिस्लॉप यांना जाऊन तेव्हा वीस वर्षे झाली होती. त्यांनी काढली होती ती शाळा. म्हणून या संस्थेचा मागोवा घ्यायचा तर आपण आणखी मागे, 1843 सालच्या स्कॉटलंडमध्ये जायला हवे. त्या वर्षी तिथल्या राष्ट्रीय चर्चमध्ये फूट पडली आणि सरकारी आश्रय सोडून शेकडो धर्मोपदेशक बाहेर पडले. त्यांच्या नव्या ‘फ्री चर्च’ने मद्रास सैन्यातील कॅप्टन हिल यांच्या देणगीच्या आधारावर नागपूरला मिशन पाठवायचे ठरवले. 1845च्या आरंभी हिस्लॉप येथे पोहोचले, तेव्हा गादीवर तिसरे रघूजी भोसले होते. पुढच्याच वर्षी, 1846 मध्ये, शाळा उघडली.

हा पाद्री मराठी शिकला आणि त्याच जिज्ञासेने पायाखालची जमीनही वाचू लागला. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह त्याने नागपूर परिसरातील खडक आणि जीवाश्म गोळा केले. एका खनिजाला ‘हिस्लॉपाइट’ म्हणतात. गोड्या पाण्यातील एका सूक्ष्म, वसाहती करून राहणाऱ्या प्राण्याच्या प्रजातीला 1858 साली ‘हिस्लॉपिया’ हे नाव मिळाले. गोंडांची लिंगोगाथाही त्याने टिपून ठेवली. 4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना पुराच्या पाण्यात त्याचा अंत झाला. गोंडांविषयीची टिपणे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी 1866 मध्ये छापून घेतली.

शाळा मात्र चालत राहिली. 1854 मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाले, 1861 मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला, आणि 1883 मध्ये त्या शाळेतून महाविद्यालय उभे राहिले. नागपूरला स्वतःचे विद्यापीठ नसल्याने ते आधी कलकत्त्याला, 1904 नंतर अलाहाबादला जोडलेले होते. वऱ्हाड-नागपूरच्या मुलाने शिकायचे सीताबर्डीच्या आसपास आणि पदवी घ्यायची ती गंगेकाठच्या विद्यापीठाची, अशी चाळीस वर्षे गेली. 1923 मध्ये नागपूर विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा हा लांबचा फेरा संपला. चर्चने रुजवलेले रोप आता या मातीचेच झाले होते. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव येथेच कायदा शिकले.

संस्थेचे मोठेपण इमारतीवरून किंवा विद्यार्थिसंख्येवरून ठरवू नये. तिने लावलेली जिज्ञासेची सवय किती टिकली, ते पाहावे. ज्या टाकळघाटच्या वाटेवर हिस्लॉप गेले, तिथे शतकानंतर डॉ. शां. भा. देव यांनी उत्खनन केले आणि ती शिलावर्तुळे लोहयुगातील असल्याचे दिसून आले. त्या उत्खननाचा अहवाल 1970 मध्ये नागपूर विद्यापीठाने प्रसिद्ध केला.