सोलापूरचा विसरलेला इतिहास: किल्ल्याचे कतबे, माचणूरची छावणी आणि कुर्बान हुसेन

सोलापूर म्हटलं की बाहेरच्या माणसाला चादर, कडक भाकरी, शेंगा चटणी आणि गड्ड्याची जत्रा आठवते. आपल्या घरातल्या मुलांना विचारलं तरी साधारण हीच यादी येते. किल्ला कुठे आहे ते सगळ्यांना माहीत असतं, चार पुतळ्यांपाशी तर रोजच गाडी थांबते. पण किल्ला कुणाचा होता, पुतळे कुणाचे आहेत, हे विचारलं की दहावीतली मुलंही एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. यात मुलांचा दोष नाही. पाठ्यपुस्तकात एका शहराला किती जागा मिळणार? बाकीचं घरातून आणि मोहल्ल्यातून सांगितलं जायचं, ते सांगणं आता थांबलंय.

हा लेख त्यासाठी आहे. सोलापूर आणि जिल्ह्यातली काही ठिकाणं, काही माणसं आणि आपल्या स्वतःच्या घरात पडून असलेला इतिहास, यांची ही थोडक्यात ओळख. एक गोष्ट आधीच सांगतो: या इतिहासाचा बराच भाग अशा लिपीत आहे जी उर्दू शिकलेली मुलं प्रयत्न केला तर वाचू शकतात. म्हणजे किल्ली आपल्याकडेच आहे.

भुईकोट किल्ला: दोन राजघराण्यांमधला हुंडा

सिद्धेश्वर तलावाला लागून असलेला हा किल्ला बहामनी काळातला. डोंगर नाही, नदी नाही, म्हणून दुहेरी तटबंदी आणि भोवती खंदक. एका बाजूला तलावाचं पाणी हेच संरक्षण. बहामनी राज्य फुटलं तेव्हा सोलापूर दोन नव्या राज्यांच्या मधोमध आलं. उत्तरेला अहमदनगरची निजामशाही आणि दक्षिणेला विजापूरची आदिलशाही. पुढची कित्येक वर्षं दोघांच्या भांडणाचं मूळ हाच किल्ला होता.

1524च्या सुमारास इस्माईल आदिलशहाच्या बहिणीचा, मरियम सुलतानाचा, बुऱ्हाण निजामशहाशी निकाह झाला. त्यात सोलापूर द्यायचं ठरलं होतं, असं अहमदनगरकरांचं म्हणणं. विजापूरकरांनी ते दिलं नाही. लग्नाचा आनंद राहिला बाजूला आणि दोन्ही सैन्यं लढायला उभी राहिली. हे वैर जवळजवळ चाळीस वर्षं चाललं.

ते मिटलं दुसऱ्या एका निकाहाने. 1564च्या सुमारास हुसेन निजामशहाने आपली मुलगी चांदबीबी अली आदिलशहाला दिली आणि सोबत सोलापूरचा किल्ला दिला. त्याच वेळी अलीची बहीण अहमदनगरच्या घरात सून म्हणून गेली. या सोयरिकीमुळेच दख्खनच्या सुलतानांची एकी झाली आणि जानेवारी 1565 मध्ये विजयनगरविरुद्धची तालिकोटची लढाई झाली.

चांदबीबीचं नाव आपल्याकडे अहमदनगरशी जोडलं जातं आणि ते बरोबरच आहे. 1595-96 मध्ये मोगलांनी वेढा घातला तेव्हा तटाला पडलेलं खिंडार तिने रातोरात बुजवून घेतलं. पुढे मोगल पुन्हा आले, तेव्हा ती आपल्याच लोकांच्या हातून मारली गेली. पण ज्या मुलीबरोबर सोलापूरचा किल्ला विजापूरला गेला ती हीच, हे सोलापूरच्या मुलींना कुणी सांगत नाही.

1668 मध्ये विजापूरने तह करून किल्ला औरंगजेबाला दिला. मराठ्यांच्या ताब्यानंतर 1818 मध्ये जनरल मन्रोने तो इंग्रजांसाठी जिंकला. आज तो पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. सकाळी फिरायला येणारे पुष्कळ, पण दगडावरची अक्षरं बघायला थांबणारे मोजकेच.

कतबा कसा वाचायचा?

दख्खनच्या किल्ल्यांमध्ये दरवाजांवर आणि बुरुजांवर फारसी शिलालेख म्हणजे कतबे बसवायची पद्धत होती. सोलापूरच्या किल्ल्यातही आदिलशाही काळातले असे लेख आहेत. भाषा फारसी असली तरी लिपी आपल्या ओळखीची. पूर्ण अर्थ लावणं हे तज्ज्ञाचं काम, पण सुरुवात कुणालाही करता येते.

बघायला सकाळी लवकर किंवा असरनंतर जावं. ऊन तिरपं असलं की उठावातल्या अक्षरांची सावली पडते आणि ती स्पष्ट दिसतात. भर दुपारी काहीच दिसत नाही. अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू, चुना, तेल किंवा पाणी मुळीच लावू नये. दगड खराब होतो आणि संरक्षित वास्तूच्या बाबतीत हा गुन्हाही आहे. मोबाईलवर फोटो काढून तो मोठा करून बघितला तर जास्त वाचता येतं.

नुक्ते शोधत बसू नये, कारण जुने कारागीर ते पुष्कळदा सोडून देत. शब्दही एकावर एक चढवलेले असतात. म्हणून आधी ओळखीचा शब्द शोधायचा: "शाह", "आदिल", "सन", "बुर्ज". बे, रे, जीम ही तीन अक्षरं पाचवीतल्या उर्दू माध्यमाच्या मुलालाही जुळवता येतात. एक शब्द सापडला की मूल दुसरा आपोआप शोधायला लागतं, हा वर्गातला अनुभव आहे.

सालाचा हिशोब असा. हिजरी सन असेल तर त्याला 0.97 ने गुणून 622 मिळवायचे. उदाहरणार्थ 973 हिजरी: गुणाकार साधारण 944, त्यात 622 मिळवले की 1566. एखाद वर्षाचा फरक पडतो. 973 हिजरी 1565च्या जुलैअखेरीस सुरू झालं होतं. म्हणजे तालिकोटच्या लढाईनंतर काही महिन्यांनी.

काही कतब्यांत साल आकड्यात नसतं, ते एखाद्या वाक्यात लपवलेलं असतं. त्याला अब्जद म्हणतात: अलिफचा 1, बेचा 2, जीमचा 3, दालचा 4 अशी प्रत्येक अक्षराची किंमत धरून बेरीज करायची. आपल्याकडे दुकानाच्या पाटीवर आणि लग्नाच्या पत्रिकेवर 786 लिहितात, ती बिस्मिल्लाहची याच पद्धतीने केलेली बेरीज आहे.

माचणूर: नदीकाठची राजधानी

किल्ल्याचा नवा मालक औरंगजेब 1685 मध्ये स्वतः सोलापूरला येऊन राहिला आणि इथूनच विजापूरच्या वेढ्यावर लक्ष ठेवलं. 1686 मध्ये विजापूर पडलं. पण त्याचा जिल्ह्यातला सर्वांत मोठा मुक्काम सोलापूर शहरात झाला नाही. मंगळवेढा तालुक्यात भीमा नदीच्या काठी ब्रह्मपुरी आणि माचणूर ही गावं आहेत. 1695 ते 1699 अशी चार वर्षं मोगल बादशहाची छावणी इथे होती. दरबार, खजिना, तोफखाना, बाजार सगळं इथेच. काबूलपासून बंगालपर्यंतच्या राज्याचे हुकूम या नदीकाठावरून सुटत होते. मोगल कागदपत्रांत या जागेचं नाव इस्लामपुरी असं येतं.

आज माचणूरला किल्ल्याची तटबंदी शिल्लक आहे आणि शेजारीच भीमेच्या घाटावर सिद्धेश्वराचं मंदिर आहे. पलीकडच्या काठावर मोहोळ तालुक्यातलं बेगमपूर. सोलापूरहून मंगळवेढ्याला जाताना ही दोन्ही गावं लागतात. गाडी थांबवून अर्धा तास बघितलं, तर पुस्तकातला "दक्षिणेतला मुक्काम" म्हणजे नेमकं काय ते मुलांना कळेल. बादशहाला चांगलं म्हणायचं की वाईट, हा वाद टीव्हीवर रोज चालतो. तो मुक्काम कुठे होता हे जिल्ह्यातल्या लोकांना माहीत असावं, एवढं तरी आधी व्हायला हवं.

1930: चार पुतळ्यांतलं चौथं नाव

आता अडीचशे वर्षं पुढे. 1877 मध्ये सोलापुरात पहिली कापड गिरणी उभी राहिली, तीच आपली "जुनी मिल". भोंग्यावर चालणाऱ्या या शहरात पद्मशाली विणकर, लिंगायत व्यापारी, मराठा आणि दलित कामगार, मोमीन आणि इतर मुसलमान असे सगळे आले. याच शहराने 1930 मध्ये सगळ्या देशाचं लक्ष वेधलं.

6 एप्रिल 1930 रोजी, दांडीच्या सत्याग्रहाच्या दिवशी, सोलापूर नगरपालिकेवर राष्ट्रीय झेंडा लागला. मेच्या सुरुवातीला गांधीजींना अटक झाली आणि शहर बंद पडलं. 8 मे रोजी पोलिसांनी गोळीबार केला. चिडलेल्या जमावाने मंगळवार पेठेतली पोलीस चौकी आणि कोर्ट जाळलं, त्यात पोलीसही मारले गेले. त्यानंतर तीन-चार दिवस शहरात इंग्रजांची सत्ता नव्हतीच. 12 मेला मार्शल लॉ लागला, तो 30 जूनपर्यंत राहिला. त्या दिवसांत डोक्यावर गांधी टोपी असणं हेसुद्धा मार खायला पुरेसं कारण होतं.

पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून चौघांवर खटला चालला आणि फाशीची शिक्षा झाली. मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. 12 जानेवारी 1931 रोजी पुण्याच्या येरवडा तुरुंगात चौघांना फाशी दिली गेली. चौघं चार वेगवेगळ्या समाजांतले होते, ते कुणी ठरवून निवडलेले नव्हते. शहरच तसं होतं.

कुर्बान हुसेन तेव्हा ऐन तारुण्यात, विशीतले. गिरणी कामगारांमध्ये त्यांचं काम होतं आणि "गझनफर" नावाचं पत्र ते चालवत. गझनफर म्हणजे सिंह. आजच्या भाषेत सांगायचं तर कामगारांचा पुढारी आणि पत्रकार. आपल्या मुलांना ते "फाशी गेलेले एक" म्हणून, तेही झालंच तर, माहीत असतात. त्यांनी पत्र काढलं होतं, लिहिलं होतं, हे माहीत नसतं. माणसाचा नुसता शेवट लक्षात ठेवला की त्याचं आयुष्य विसरलं जातं. वर्गात त्यांच्यावर निबंध लिहायला सांगितला तर बहुतेक वह्यांत तुरुंग येतो, छापखाना येत नाही.

आपली भाषा, आपली माणसं

लिहिण्याचाच विषय निघाला म्हणून पुढचं. मराठीत लिहिणारा मुसलमान म्हटलं की अजून काही लोकांना नवल वाटतं. शाहीर अमर शेख याच जिल्ह्यातले. 1916 मध्ये बार्शीत जन्मलेले मेहबूब हुसेन पटेल. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांच्या आवाजावर मैदानं भरायची. चित्रकार एम. एफ. हुसेन यांचा जन्म 1915 चा, पंढरपूरचा. पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन 1990 मध्ये भरलं तेही सोलापुरात. त्यामागे ज्यांची मेहनत होती ते प्राध्यापक फकरुद्दीन बेन्नूर 2018 मध्ये वारले. घरात दखनी, वर्गात उर्दू, बाजारात मराठी, शेजारी कन्नड आणि तेलुगू: या शहरात वाढलेल्या माणसाला भाषा बदलताना श्वास घ्यावा लागत नाही.

घरातली ट्रंक उघडा

शेवटचं ठिकाण सर्वांत जवळचं. काझी, मुलाणी, मुजावर, खतीब, अत्तार, मणियार, तांबोळी, बागवान, शिकलगार, पिंजारी, नदाफ: आपली आडनावं म्हणजे जुन्या गावगाड्यातल्या कामांची नोंद आहे. मुलाणी तर गावाच्या बलुतेदारांत मोजला जायचा. अशा कितीतरी घरांत सनदा, इनामाचे कागद, खरेदीखतं, निकाहनामे ट्रंकेत पडलेले असतात. पुष्कळसे मोडीत, काही फारसीत. वाचता येत नाहीत म्हणून घर बदलताना ते रद्दीत जातात. एकदा गेला की तो कागद परत मिळत नाही, आणि जमिनीचा किंवा वक्फचा प्रश्न निघाला की नेमका तोच लागतो.

मोडी कागदांत साल पुष्कळदा अरबी शब्दांत असतं, त्याला शुहूर सन म्हणतात. इहिदे 1, इसन्ने 2, सलास 3, अर्बा 4, खमस 5, सीत 6, सबा 7, समान 8, तिसा 9, अशर 10, आणि अलफ म्हणजे हजार. "सीत खमसैन अलफ" म्हणजे सहा, पन्नास आणि हजार, एकूण 1056. त्यात 599 मिळवले की 1655. मदरशात अरबी गिनती शिकलेलं मूल हे लगेच पकडतं.

जुने कागद सापडले तर लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका, नवीन घड्या पाडू नका. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, कोरड्या जागी सपाट ठेवा. वाचून घ्यायचे असतील तर मोडीचे वर्ग ठिकठिकाणी चालतात, राज्याचं पुराभिलेख संचालनालयही मोडी शिकवतं. आणि दादा-दादी, नाना-नानी हयात असतील तर त्यांच्याजवळ वही घेऊन बसा. मूळ गाव कोणतं, सोलापुरात कोण आणि कोणत्या साली आलं, कोणत्या मिलमध्ये किंवा कोणत्या मागावर काम केलं, कोणत्या मोहल्ल्यात पहिली खोली घेतली. चार प्रश्न पुरतात. उत्तरं मुलांनाच लिहू द्या, उर्दूत किंवा मराठीत, जी हाताला सोपी असेल तीत.